हेडलाइटला रिले: जुन्या गाडीचा हरवलेला उजेड परत मिळवताना

गोव्यात साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाट रात्री चढायचा, तोही आषाढात, म्हणजे आपल्या गाडीचे दिवे किती पाण्यात आहेत हे पहिल्या दोन वळणांतच कळतं. समोर धुकं, डांबरावर वाहून आलेली तांबडी माती आणि रस्त्याच्या मधोमध रवंथ करत बसलेली गुरं. म्हैस तर डोळे चमकल्याशिवाय दिसतच नाही. माझ्या जुन्या जीपचे दिवे तेव्हा असे होते की समोरून येणाऱ्याला मी दिसायचो, मला मात्र रस्ता दिसत नसे.

मग सगळे करतात तेच मीही केलं. गॅरेजात गेलो. ‘शंभर-नव्वद वॉटचे बल्ब घाल, दिवसासारखं दिसेल,’ असं तिथल्या पोराने सांगितलं. घातले. आठवडाभर खरंच बरं दिसलं. मग एका रात्री स्टिअरिंगखालून जळक्या प्लॅस्टिकचा वास यायला लागला, अपर-डिपरचा (लांबचा-जवळचा उजेड बदलायचा) दांडा हाताला मऊ लागला, दिवे दोनदा लुकलुकले आणि गेले. नशीब, घाटात नव्हतो. होंडा गावाच्या अलीकडे सरळ रस्त्यावर होतो. दुसऱ्या दिवशी स्विच उघडला तर पितळी पॉइंट ज्या प्लॅस्टिकमध्ये बसतात ते मेणासारखं ओघळलेलं.

त्या स्विचनेच मला हेडलाइटला रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, लावायचं काम शिकवलं. ज्यांनी गाडीच्या वायरिंगला कधी हात लावलेला नाही, त्यांच्यासाठी ते जमेल तेवढं सोपं करून लिहितो.

उजेड जातो कुठे

जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट बॅटरीतून निघून फ्यूजबॉक्समार्गे डॅशबोर्डखाली जातो. तिथे आधी हेडलाइटचा स्विच, मग अपर-डिपरचा स्विच, आणि मग पुन्हा पुढे येऊन बल्ब. चार-पाच मीटरची ही वारी कंपनीने काटकसरीने दिलेल्या बारीक वायरीतून होते. साध्या एच-४ बल्बात दोन तारा असतात, फुलची (लांबचा उजेड) आणि डिपरची (जवळचा, खालचा उजेड), आणि त्यावर ६०/५५ वॉट लिहिलेलं असतं. डिपरवर दोन बल्बांचे ११० वॉट, म्हणजे १२ व्होल्टला ९ अँपिअरच्या वर. फुलवर १० अँपिअर. पाऊण एमएमच्या (म्हणजे पाऊण चौरस मिलिमीटर छेदाच्या) तांब्याच्या वायरीचा रोध मीटरमागे साधारण २६ मिलिओहम असतो. पाच मीटर वायरीतून १० अँपिअर गेले की १.३ व्होल्ट तिथेच खर्ची पडले. झिजलेले स्विच, हिरवे पडलेले कनेक्टर आणि गंजलेलं अर्थिंग (बॉडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या मायनसकडे परतणारी वाट) आपापला हप्ता वेगळा घेतात.

दीड व्होल्टने काय बिघडतं, असं वाटेल. बरंच बिघडतं. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने घसरतो. व्होल्टेज दहा टक्के कमी झालं की उजेड तीस टक्के जातो. साडेतेराऐवजी बारा व्होल्ट पोचले तर एक तृतीयांश उजेड गायब, आणि उरलेलाही पिवळट. त्या वायरीवर शंभर वॉटचा बल्ब लावला की करंट वाढतो, त्यामुळे वाटेतली गळतीही वाढते आणि ती गळती उष्णता होऊन स्विचमध्ये साचते. रस्त्यावर असे बल्ब वापरायला परवानगी नाही ते वेगळंच. शिवाय होल्डर करपतो, रिफ्लेक्टर काळवंडतो आणि समोरचा शिव्या घालतो.

आधी मीटर, मग पक्कड

साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या आणि कुठलीही वायर कापण्यापूर्वी मोजा. इंजिन चालू, थोडा रेस, डिपर चालू. पहिलं माप बॅटरीच्या दोन टोकांवर. ते साडेतेरा ते चौदा-साडेचौदाच्या दरम्यान हवं. तेराच्या खाली असेल तर अल्टरनेटर, बेल्ट किंवा बॅटरीचे टर्मिनल पाहा. रिले त्याला काही करू शकणार नाही. १४.८ च्या वर असेल तर रेग्युलेटर बिघडलाय. तो आधी बदला, नाहीतर नवीन वायरिंग ते जास्तीचं व्होल्टेज थेट बल्बला नेऊन पोचवेल आणि बल्ब महिना-दोन महिन्यांत उडत राहतील.

दुसरं माप बल्बच्या मागे. सॉकेट बल्बला लावलेलंच ठेवायचं आणि मागच्या बाजूने मीटरची टोकं आत सरकवायची. सॉकेट काढून मोजलंत तर करंट वाहतच नाही, मीटर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज दाखवतो आणि ‘वायरिंग उत्तम आहे’ असं समजून तुम्ही घरी जाता. मी पहिल्यांदा हेच केलं होतं.

माझ्या जीपचे आकडे: बॅटरीवर १३.९, बल्बवर ११.७. म्हणजे २.२ व्होल्ट वाटेत सांडत होते आणि बल्ब जेमतेम ५५ टक्के उजेड देत होता. मग गळती कुठे आहे ते शोधलं. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं बल्बच्या प्लसवर: १.४. एक टोक बल्बच्या अर्थवर, दुसरं बॅटरीच्या मायनसवर: ०.८. हा दुसरा आकडा पाहून मी चाटच पडलो. बॉडीच्या अर्थिंगमध्ये जवळपास एक व्होल्ट मरत होता आणि तिकडे कुणी बघतच नव्हतं.

एकूण फरक अर्ध्या व्होल्टच्या आत निघाला तर हा लेख बाजूला ठेवा. काचा घासा, आतला रिफ्लेक्टर पाहा. त्याची चांदी उडाली असेल तर कितीही व्होल्टेज द्या, उजेड पडणार नाही.

ज्यांनी हे करू नये

नव्या गाड्यांत दिव्यांवर कॉम्प्युटर नजर ठेवतो. मध्ये रिले घातला की तो बल्ब गेल्याची तक्रार करतो, आणि गाडी वॉरंटीत असेल तर तीही अडचणीत येते. एलईडी हेडलाइटला रिलेने काही फायदा नाही. जुन्या स्कूटरी आणि काही मोटारसायकलींचा हेडलाइट बॅटरीवर नसून थेट मॅग्नेटोच्या (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या छोट्या जनित्राच्या) एसी करंटवर जळतो. तो बॅटरीवर आणलात तर सकाळी बॅटरी उताणी. टिपरवाल्यांनो, तुमची गाडी २४ व्होल्टची. १२ व्होल्टचा रिले तिथे लावला की कॉइल भाजून निघते. पुढचं सगळं १२ व्होल्टच्या, दोन हेडलाइटच्या, हॅलोजन बल्बच्या जुन्या जीप-कारसाठी आहे.

रिलेचं अंतरंग

रिले म्हणजे दुसऱ्या स्विचच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच. आत तारेची एक कॉइल असते. तिला पाव अँपिअरपेक्षाही कमी करंट दिला की ती चुंबक होते, लोखंडी पट्टी खेचते आणि मोठ्या करंटची वाट मोकळी होते. तो ‘टक’ आवाज त्या पट्टीचा. म्हणजे डॅशबोर्डच्या स्विचने आता नुसता हुकूम सोडायचा. दहा अँपिअरचं ओझं बॅटरीपासून बल्बपर्यंत आखूड, जाड वायरीने जायचं.

चार पिनांच्या रिलेवर आकडे कोरलेले असतात. ८५ आणि ८६ ही कॉइलची दोन टोकं. ३० वर बॅटरीतून येणारा प्लस. ८७ मधून बल्बकडे जाणारा. पाच पिनांच्या रिलेत मध्ये ८७ए असते. तिच्यात रिले बंद असताना करंट असतो. तिला वायर लावू नका. चुकून लावलीत तर दिवे बंद केल्यावर पेटतील, आणि हे मी बघितलेलं आहे.

सामान

म्हापसा, फोंडा, मडगाव, कुठल्याही ऑटो-इलेक्ट्रिकच्या दुकानात हे मिळतं: १२ व्होल्टचे ३० किंवा ४० अँपिअरचे दोन रिले आणि त्यांचे सॉकेट, एच-४ चे दोन सिरॅमिक होल्डर, झाकणवाले दोन फ्यूज होल्डर आणि १५ अँपिअरचे निळे फ्यूज, अडीच एमएमची लाल आणि काळी वायर, कॉइलसाठी एक एमएमची वायर, तांब्याचे थिंबल (वायरीच्या टोकावर दाबून बसवायचे तुकडे), हीट-श्रिंक स्लीव्ह, वायरीवर चढवायचा नागमोडी पाइप. वायर गाड्यांचीच मागा. घरगुती वायर तेल आणि इंजिनाच्या उष्णतेत लवकर कडक होते. सगळं जोडून आलेलं तयार किटही मिळतं आणि नवशिक्याला ते वाईट नाही, फक्त एक टोक कापून आतलं तांबं बघा. बाहेरून बोटभर जाड आणि आत चार केस, असे किट बाजारात भरपूर आहेत.

जोडणी

बॅटरीचं मायनस टर्मिनल आधी काढा. प्लस आधी काढताना पाना बॉडीला लागला तर ठिणगी कशी दिसते ते कळतं, ती हौस नको.

रिले बॅटरीच्या जवळ, पण रेडिएटर आणि सायलेन्सरच्या पाइपापासून लांब बसवा. पिना खाली तोंड करून. गोव्याच्या पावसात पिना वर करून बसवलेला रिले म्हणजे पाणी भरायला ठेवलेला पेला. रिलेकडे जाणारी वायर आधी खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळातून खाली टपकेल, सॉकेटात शिरणार नाही.

बॅटरीच्या प्लसवरून अडीच एमएमच्या दोन लाल वायरी काढा. प्रत्येकीला बॅटरीपासून एका वितीच्या आत फ्यूज. वीतभर म्हणजे वीतभरच. फ्यूज रिलेजवळ नेऊन लावला तर बॅटरी ते फ्यूज हा तुकडा उघड्यावर राहतो. तो पत्र्याच्या कडेवर घासून सोलला गेला की त्याला थांबवणारं कुणीच नसतं आणि आग लागते. फ्यूजमधून एक वायर डिपरच्या रिलेच्या ३० वर, दुसरी फुलच्या रिलेच्या ३० वर. एकच मोठा फ्यूज दोघांना देऊ नका. एक उडाला तरी दुसऱ्यावर घरी येता आलं पाहिजे.

आता कॉइल. इथे नवशिके गोंधळतात, कारण काही गाड्यांत स्विच प्लस तोडतो आणि जपानी मुळाच्या कित्येक गाड्यांत स्विच अर्थ तोडतो. तुमची गाडी कुठली, या प्रश्नाला बगल देणारी एक युक्ती आहे. एका बाजूच्या जुन्या हेडलाइट सॉकेटमधूनच कॉइलची दोन्ही टोकं घ्या. डिपरच्या रिलेची ८५ आणि ८६ जुन्या सॉकेटच्या डिपर आणि कॉमन (दोन्ही तारांना सामाईक) पिनांना. फुलच्या रिलेची फुल आणि कॉमनला. पूर्वी जिथे बल्ब पेटायचा तिथे आता कॉइल बसली. बल्ब पेटत होता म्हणजे कॉइल खेचणारच, मग स्विच प्लस तोडो की अर्थ. साध्या रिलेत ८५-८६ उलटसुलट चालतात. पण रिलेच्या आकृतीत डायोडची खूण असेल तर मीटरने प्लस कुठला ते पाहून तो ८६ वरच द्या. दुसऱ्या बाजूचं जुनं सॉकेट टेप गुंडाळून, तोंड खाली करून बांधून ठेवा. कापू नका, गाडी विकताना किंवा वाटेत काही बिघडलं तर पुन्हा जोडता येतं.

डिपर रिलेच्या ८७ वरून दोन वायरी, एकेक प्रत्येक होल्डरच्या डिपर पिनेकडे. फुलच्या ८७ वरून तसंच. पलीकडच्या बाजूच्या दिव्याला जाणारी वायर रेडिएटरच्या वरच्या पट्टीला धरून नेली की सरळ जाते.

पिना ओळखायच्या कशा? एच-४ बल्बच्या मागे तीन पाती असतात, दोन उभी आणि वर एक आडवी. आडवी डिपरची. उभ्या दोघींपैकी कॉमन कुठली यावर मित्रांशी वाद घालत बसण्यापेक्षा जुना बल्ब हातात घ्या, काचेला बोट न लावता, आणि फ्यूज असलेल्या दोन वायरींनी बॅटरीला लावून बघा. एक वायर आडव्या पातीवर, दुसरी एका उभ्या पातीवर. नीट पाहिलंत तर आत दोन फिलामेंट दिसतील. पुढच्याच्या खाली पत्र्याची छोटी पळी असते. ती पळीवाली तार लख्ख पेटली तर लावलेली उभी पात कॉमन. दोन्ही तारा मिणमिणत्या लाल झाल्या तर ती फुलची, कारण करंट एकीतून निघून दुसरीतून जातोय. क्षणभरच लावा, बल्ब तापतो.

थिंबल दाबताना साधी पक्कड वापरू नका, क्रिंपिंगची वापरा, आणि दाबून झाल्यावर वायर जोरात ओढून बघा. आता निसटली तर बरं; अनमोड घाटाच्या जंगलात निसटण्यापेक्षा.

अर्थिंग, म्हणजे अर्धं काम

माझे ०.८ व्होल्ट आठवतात ना? आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि किनाऱ्याकडच्या गावांत वर्षभर खारी हवा. बॉडीला जिथे अर्थचा स्क्रू लागतो तिथे पत्रा आणि थिंबल यांच्यामध्ये गंजाचा थर वाढत जातो. वरून स्क्रू घट्टच दिसतो. मी माझ्या जीपचा स्क्रू काढला तेव्हा थिंबलखालून कॉफीच्या पुडीसारखी तपकिरी भुकटी सांडली. रिले लावून प्लसची बाजू सुधारली आणि अर्थ तसंच ठेवलं तर अर्धा पैसा वाया.

म्हणून दोन्ही होल्डरच्या कॉमनपासून अडीच एमएमची काळी वायर थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत न्या. वायर दोन मीटर जास्त लागेल, लागू दे. बॉडीलाच अर्थ द्यायचं असेल तर रंग खरवडून पत्रा चकाकेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, बोल्ट आवळा आणि नंतर वरून ग्रीस किंवा व्हॅसलिन थापा. क्रम महत्त्वाचा: आधी धातूला धातू, मग वरून ग्रीस. जमलंच तर बॅटरी ते बॉडी आणि बॉडी ते इंजिन या जाड पट्ट्याही उघडून घासून घ्या. स्टार्टरही खूश होतो.

रिलेच्या पिनांवर, फ्यूज होल्डरात आणि होल्डरच्या मागे थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावलंत तर पुढच्या चवथीपर्यंत (गणेशचतुर्थीपर्यंत) हिरवा थर दिसणार नाही.

बटण दाबताना

नागमोडी पाइप आणि टेप शेवटी. आधी बॅटरी जोडा, म्हणजे मायनस शेवटी, आणि डिपर लावा. एका रिलेची ‘टक’ ऐकू आली पाहिजे आणि दोन्ही डिपर पेटले पाहिजेत. फुल करा: पहिला सुटेल, दुसरा खेचेल. पास लाइटचा दांडा ओढून बघा. ‘टक’ येते पण दिवा नाही, तर दोष ३०-८७ च्या बाजूला: फ्यूज, थिंबल किंवा अर्थ. ‘टक’च नाही, तर कॉइलच्या दोन टोकांवर मीटर लावा. डिपरला फुल पेटत असेल तर होल्डरच्या पिना उलटल्या.

अर्थ तोडणाऱ्या काही गाड्यांत डॅशबोर्डवरचा फुलचा निळा दिवा मंद होतो किंवा लागतच नाही. त्याचा करंट आधी बल्बच्या फिलामेंटमधून वाट काढायचा, आता मध्ये कॉइल आली. काम बिघडलेलं नाही, पण तो दिवा लागायलाच हवा. फुलच्या ८७ वरून त्याला वेगळी बारीक वायर द्या, मात्र त्याचं जुनं कनेक्शन आधी पूर्ण सोडवून. इथे ऑटो-इलेक्ट्रिशियनला तासभर बोलावणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

मग तेच माप पुन्हा: इंजिन चालू, दिवे चालू, बल्बच्या मागे मीटर. माझ्याकडे १३.५ आलं. बॅटरीपेक्षा ०.४ कमी, आणि तेवढं चालतं. अर्धा तास दिवे चालू ठेवून प्रत्येक जोडाला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर तो जोड पुन्हा करा.

दिव्यांचा रोख

वाढलेला उजेड चुकीच्या दिशेला पडला तर तुम्ही दुसऱ्यांचे शत्रू. सपाट जागी, भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करा, टायरमध्ये हवा योग्य, ड्रायव्हरच्या सीटवर कुणाला तरी बसवा. बल्बच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा. डिपरच्या उजेडाची वरची सपाट कड त्या रेघेच्या ५ ते ७ सेंटिमीटर खाली यायला हवी. आपण डावीकडून चालतो, म्हणून ही कड डाव्या बाजूला वर चढलेली असते. तुमच्या दिव्याची उजवीकडे चढत असेल तर ती काच परदेशी रहदारीसाठी बनवलेली आहे. ती समोरच्याच्या डोळ्यांतच जाणार. बदला. चोर्ल्यात धुकं लागलं की फुल कधीच लावू नका, पांढऱ्या भिंतीवर टॉर्च मारल्यासारखं होतं. डिपरच ठेवा.

डॅशबोर्डच्या कप्प्यात एक जादा रिले, दोन निळे फ्यूज आणि दोन्ही टोकांना पातीचं थिंबल लावलेला वीतभर जाड वायरीचा तुकडा ठेवा. वाटेत रिले गेला आणि जादाही सापडला नाही, तर हॉर्नचा रिले तसाच चार पिनांचा असल्यास तो काढून इथे बसतो. तोही नसेल तर रिले उपटून सॉकेटात ३० आणि ८७ मध्ये तो तुकडा घाला. दिवे लागतील आणि चालूच राहतील. घरी पोचल्यावर तो काढायला विसरू नका. मी एकदा विसरलो, आणि सकाळी शेजाऱ्याच्या बॅटरीवर गाडी चालू करावी लागली.